सात मिनिटं बेचाळीस सेकंद

नववी ब च्या खिडक्यांना पोती लावली की
अंधार होतो, ज्वारीच्या वासाचा.
पेनड्राइव्हमध्ये अठरा भाषणं आहेत,
तालुक्याच्या प्रशिक्षणात मिळालेली,
सोबत एक तक्ता : जागतिक समस्या, तासिका, गुण.
आज सहावं. तापमानवाढ.
भिंतीचा पोपडा उडालाय तिथं
बाईंच्या गालावर एक खंड उमटतो.

मी मराठीचा. हा विषय माझ्याकडं आला,
कारण भूगोलाची जागा तीन वर्षं रिकामी.

बाई कुठल्यातरी थंड देशातल्या.
नाव मला नीट म्हणता येत नाही,
पोरांनी ठेवलंय, बर्फवाल्या बाई.
त्या बोलतात, मी भिंतीला लागून उभा,
मराठी करत जातो, एक वाक्य मागे,
भटजीच्या मागून मंत्र म्हणणाऱ्या नवरदेवासारखा,
थोडं कळून, थोडं रेटून.

हिमनदीला अडलो नाही.
'उत्सर्जन' फळ्यावर लिहून मोकळा झालो.
अडलो एका बारक्या शब्दावर,
इंग्रजीत तो दोन अक्षरांचा.
दीडशे वर्षं कोळसा जाळला, म्हणाल्या बाई.
कुणी?
त्यांच्या भाषेत एकच दार, सगळे त्यातूनच.
आपल्याकडं दोन.
'आम्ही' म्हणावं तर ऐकणारा उंबऱ्याबाहेर,
'आपण' म्हणावं तर तोही पंगतीला,
जेवला असो नसो,
पत्रावळी उचलायला आहेच.

मी 'आपण' म्हणालो.
सवयीनं. पुस्तकात तसंच असतं.

शिवलीला स्वामीचा हात वर.
'सर, त्या आपणमधी आपण हाव का?'

बटण दाबलं. बाई थांबल्या,
तोंड अर्धं उघडं, एक हात हवेत,
जणू त्यांनाच विचारलंय.
सात मिनिटं बेचाळीस सेकंद.

'आमच्या घरी,' शिवलीला म्हणाली,
'चूल, कंदील, आन् आता एक फ्रीज, त्यो बी बंद.
त्यात आई पापड ठिवती.
मग कोळसा आम्ही कव्हा जाळला?
त्या त्यांचं सांगायलेत. तुम्ही आम्हाला कामून घुसवायलेत?'

व्यंकटनं बाक वाजवला.

मैनोद्दीन सहसा बोलत नाही.
त्याचा मामू परळीच्या थर्मलवरून
राखेचा हायवा भरून वीटभट्ट्यांवर टाकतो.
त्यांच्या अंगणात कपडे वाळले
की घालण्याआधी झटकावे लागतात.
तो बाईंकडं नाही, छताकडं बघत म्हणाला,
'आन् ही मशीन कशावर चालायलीय?'

मग मशीनच्या पंख्याची घरघर तेवढी.
बाईंच्या कपाळावरून एक पाल सावकाश गेली.
कुणी हसलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

तक्त्यात या प्रश्नाला दोन गुण.
नमुना उत्तर छापील आहे :
'कोळसा जाळला गेल्यामुळे तापमान वाढते.'
नवीन कर्मणी प्रयोग.
मीच शिकवतो तो, दरवर्षी, जुलैत.
कर्ता कसा अलगद उचलून
वाक्याबाहेर ठेवता येतो, ते.

घंटा झाली. पोरांनी पोती ओढली,
बाई उजेडात विरघळल्या,
उरलं भिंतीवरचं ते पोपड्याचं खंड
आणि अकरा मिनिटांचं न ऐकलेलं भाषण,
त्यात उपाय असावेत.

रात्री वह्या तपासल्या.
बहुतेकांनी फळ्यावरचं उतरवलंय, उत्सर्जनसुद्धा चुकीचं.
शिवलीलाच्या वहीत 'आम्ही' लिहून खोडलंय,
'आपण' लिहिलंय, तेही खोडलंय,
इतकं दाबून की मागच्या पानावर उठलंय.
खाली बारीक अक्षरात :
सर, त्या बाईंला विचारून सांगा.

लाल पेन हातात धरून मी
पुन्हा लावलं ते भाषण, आवाज बंद करून.
कोपऱ्यात तारीख होती, आधी कधी पाहिली नव्हती.
अकरा वर्षांपूर्वीची.
तेव्हा ही पोरगी तीन वर्षांची असेल.